पदराला पुसलेली शाई

घोडेगावच्या नोंदणी कचेरीत दस्ताला अंगठा देऊन माणूस बाहेर आला की आधी अंगठा कुठं पुसावा ते शोधतो. दाराशी खिळ्याला शीलानं जुन्या साडीचा बोळा त्यासाठीच टांगून ठेवलेला असतो. तो बोळा कोराच राहतो. पुरुष भिंतीला पुसतात. म्हातारे टोपी मागं सरकवून अंगठा केसांत घासतात, निदान भिंत तरी वाचते. आणि बायका पदराला पुसतात. जन्मभर ओला हात, खरकटा हात, पोराचं नाक, सगळं पदरालाच पुसलेलं. मग शाईनंच काय घोडं मारलंय? हात आपोआप तिकडं जातो, आणि मागाहून 'अगं बाई!' तोंडातून निघतं.

शीला इथं झाडायला-पुसायला आहे, नवरा गेला तेव्हापासून. मुलगा आदेश चाकणला कंपनीत असतो, त्याची खोली एवढीशी की आई गेली तर सुनेला ओट्याखाली झोपावं लागतं. म्हणून आई जात नाही. गुडघे बोलतात. फिनेलच्या वासानं डोकं धरतं. भिंत आज लख्ख केली तरी उद्या दुपारपर्यंत पुन्हा जांभळी होतेच. साहेब म्हणतात, "शीलाबाई, पब्लिक आहे, चालायचंच." पब्लिक आहे हे तिलाही दिसतं. पण पब्लिकला अंगठे ढीगभर आणि फडकं धरणारी एकटी, हे साहेबांच्या खुर्चीतून दिसत नसावं.

शिक्क्याच्या शाईचा स्वभाव तिला आता पाठ झाला आहे. पाणी लावलं की ती पसरते, म्हणून पहिल्यांदा पाणी दाखवायचंच नाही. भिंतीच्या खालच्या ऑइलपेंटवर ताजा ठसा असेल तर टूथपेस्ट लावून ओलसर फडक्यानं हळूहळू फिरवलं की निघतो. वरच्या चुन्याला मात्र काही चालत नाही. तिथं घासलं की चुनाच हातात येतो, म्हणून वरून चुन्यात बुडवलेला बोळा फिरवून मोकळं व्हायचं. फरशीवर पॅड उलटलं तर आधी खडूची पूड टाकून शाई पिऊ द्यायची, मग लिंबाची फोड मिठात बुडवून घासायची. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना सॅनिटायझर. करोनातले कॅन अजून अडगळीत पडलेत, त्यांचा एवढा उपयोग कुणाला सुचला नसता. हातमोजेही आहेत, पण ते बोळ्याशेजारी खिळ्याला. बोटाला कापड कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मोजे घालून घासलं तर सूत कधी तुटलं ते समजत नाही.

पदराला शाई लागलेल्या बायका बहुतेक करून हक्कसोडीच्या असतात. बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून दिला, असं लिहून द्यायला आलेल्या बहिणी. कायद्यानं वाटा आहे, पण रीत अशी पडून गेली आहे की बहिणीनं तो मागायचा नाही आणि भावानं तिला साडी घ्यायची. साडी आदल्या दिवशी पोचती करतात. बहीण तीच नेसून येते, अंगठा झाला की भावजय तिथंच बाकावर ओटी भरते, मग सगळे मिळून स्टँडजवळ मिसळ खायला जातात. कुणी रडत नाही. हसणं उलट जरा जास्तच असतं. रडू येतं ते पदराकडं लक्ष गेल्यावर. मग बाई नव्या साडीसाठी रडते आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि तिलाही तसंच वाटून घ्यायचं असतं.

बाळाबाई अशीच आली होती. मेंढरांमागं हिंडून पाय फुटलेली, अंगानं काटकुळी, वयानं शीलाहून बरीच मोठी. अंजिरी रंगाची साडी, आणि पदरावर जांभळं बोट. नळाजवळ उभी राहून ती पदर पाण्याखाली धरणार, तेवढ्यात शीला ओरडली.

"थांबा मावशी! पाणी नगा लावू!"

"भाव काय म्हनंल गं? पैल्याच दिशी इस्कोट केला म्हनंल." बाळाबाई म्हणाली.

"काय न्हाई म्हनत. बसा हितं."

शीलानं पदराखाली बोळ्याची घडी ठेवली. कापसावर सॅनिटायझर घेऊन कडेकडेनं मध्याकडं टिपत आली, घासलं नाही. शाई खालच्या बोळ्यात उतरत गेली. दर खेपेला बोळ्याची कोरी बाजू फिरवून घ्यायची, नाहीतर उतरलेली शाई पुन्हा वर चढते. मग साबणाचा हलका हात, मग पाणी. पदर वाळल्यावर बाळाबाईनं तो डोळ्यांशी नेऊन पाहिला आणि शीलाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

काही महिन्यांनी ती कसल्याशा दाखल्यासाठी पुन्हा आली. अंगावर तीच साडी.

"बघ, हाये का कुटं?" तिनं पदर पुढं केला. "सांगितल्याबिगर कुनाला कळायचं बी न्हाई."

"आन् भाऊ बरा हाये ना?" शीलानं सहज विचारलं.

बाळाबाई नळाच्या कट्ट्यावर टेकली. "त्या दिसापासनं आला न्हाई. फोन लावला तर उचालतो, गडबडीत हाये म्हनतो. आदी दर सणाला न्यायला यायचा." थोडं थांबून ती म्हणाली, "साडी मातूर लई टिकाऊ निगाली."

ज्यांनी वाटा सोडला नाही, त्यांचंही शीलानं पाहिलं होतं. भाऊ आणि बहीण कोर्टाच्या तारखेला एकाच बाकावर पाठी फिरवून बसायचे आणि चहावाला दोघांना वेगवेगळा चहा द्यायचा. दिलं तरी माहेर जातं, नाही दिलं तरी जातं. इतक्या वर्षांत एवढंच तिच्या ध्यानात आलं होतं, आणि ते कुणाला सांगून उपयोग नव्हता.

तिचं स्वतःचं माहेर पेठला. धाकटा भाऊ रामदास. आई शेतात असायची तेव्हा शीलानंच त्याला कडेवर वागवलेला. वडील, आण्णा, होते तोवर दिवाळीला गाडी यायची. ते गेले, मग गाडी येईना, शीला आपली एसटीनं जाऊन यायची. पुढं रामदासच म्हणायला लागला, "आक्का, औंदा आमी बाहेर चाललोय, तू पुढच्या सणाला ये." पुढचा सणही तसाच जायचा. शीला मनाला लावून घेत नाही असं सांगायची, पण भाऊबीजेच्या दिवशी ती कचेरीला सुट्टी असूनही आवार झाडायला यायची. घरात बसवत नसे, हेच खरं.

असा रामदास एक दिवस आपण होऊन तिच्या खोलीवर आला. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. ती पिशवी पाहूनच शीला काय समजायचं ते समजली.

"आक्का, रोडच्या तुकड्यावर मंगल कार्यालय टाकावं म्हनतोय," रामदास म्हणाला. "बँकवाले म्हनत्यात, सातबाऱ्यावर एकच नाव पायजे. आण्णांच्या माघारी तुजं बी नाव लागलंय ना. नुसतं कागदावरचं हाये. माहेर कुटं जातंय?"

'माहेर कुटं जातंय' हे वाक्य शीलानं कचेरीच्या दारात इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढचं 'तुला कवा बी हक्कानं येता येईल' हे तिला तो बोलायच्या आधीच ऐकू आलं.

"अंगठा द्यायला कवा यायचं?" तिनं विचारलं.

रामदास गडबडला. त्यानं घरून बरंच बोलणं तयार करून आणलं होतं. वाया जाऊ नये म्हणून चहा घेताना त्यानं ते सगळं म्हणून दाखवलं. शीला ऐकत राहिली. तिला भांडायचं नव्हतं. भांडायला अंगात जीव लागतो, आणि तिच्यातला होता-नव्हता तेवढा भिंतीनं खाल्ला होता. तिला जमीन नको होती. माहेर हवं होतं, आणि ते या अंगठ्याबरोबर संपणार, हे तिच्याइतकं त्या कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं.

ठरल्या दिवशी ती मोरपंखी साडी नेसून गेली. बाकावर बसायच्या आधी सवयीनं बाक पुसला. रामदासची बायको इंद्रायणी ओटीचं सामान घेऊन शेजारी बसली. बटाट्याच्या काढणीतून उठून आलेली, नखांत अजून माती. सह्या झाल्या. दस्तावर शाईचा अंगठा झाला. मग ठसे घेणाऱ्या मशीनवर अंगठा ठेवायची पाळी आली.

मशीन घेईना.

पुसून ठेवला, ओला करून ठेवला, दाबून ठेवला. दुसरा अंगठा झाला, मग बाकीची बोटं एकेक करून झाली. पडद्यावर नुसतं करडं धुकं. मशीनवरच्या पोरानं शेवटी तिचा हात उजेडात धरला. अंगठ्याचं कातडं गुळगुळीत, चकचकीत, जुन्या नाण्यासारखं. कागदावरचा शाईचा ठसाही त्यांनी मग नीट पाहिला. तोही नुसता जांभळा ठिपका होता, एक रेघ नाही.

"रेषाच राहिल्या नाहीत, शीलामावशी," तो म्हणाला. "थोडे दिवस साबण, फिनेल, काही लावू नका. मलम चोळा. कातडं भरून आलं की या."

इंद्रायणीला ओटी भरावी की नाही ते कळेना. तिनं नारळ पिशवीतून काढला आणि परत ठेवला. रामदासच्या कपाळावर आठी पडली होती. पण मग त्यानं बहिणीचा हात हातात घेतला आणि पालथा-उलथा करून पाहत राहिला. "काय करून घेतलंस गं हे आक्का," असं काहीतरी तो पुटपुटला. अंगठ्यासाठी का होईना, त्यानं हात धरला होता. शीलाला एवढ्यानंच भरून आलं, आणि आपल्याला भरून आलं याचा रागही आला.

बाहेर पत्र्याच्या शेडखाली दस्त लिहिणारे दादाभाऊ बसतात. रामदास गाडी काढायला गेला तसं त्यांनी तिला खुणेनं बोलावलं.

"शीलाबाई, डॉक्टरचा दाखला जोडला तर दुसरी वाट असती. आटवड्यात काम हुईल. सांगू का भावाला?"

शीलानं फाटकाकडं पाहिलं. रामदास गाडीचं मागचं दार उघडून, सीटवरचा पसारा आवरून तिच्यासाठी जागा करत होता.

"नगा सांगू इतक्यात," ती म्हणाली. दादाभाऊंनी चष्मा खाली घेऊन तिच्याकडं पाहिलं आणि ते पुन्हा टायपिंगला लागले.

कातडं भरेपर्यंत शीलानं रजा टाकली आणि गाडी तिला घेऊन पेठला गेली. रामदासनं घरात फर्मानच काढलं की आक्कानं पाण्याला हात लावायचा नाही. तिला कपबशी विसळू देईनात. जेवणाचं ताट हातात, आंघोळीचं पाणी काढलेलं, लुगडं इंद्रायणी धुणार. शीलाला पहिले दोन दिवस चोरट्यासारखं वाटलं. मग एका दुपारी ती पडवीत आडवी झाली ती दिवे लागेपर्यंत झोपली. उठली तेव्हा कुणीतरी अंगावर गोधडी घातलेली होती. गोधडीत आईच्या नऊवारीचा एक तुकडा तिला ओळखू आला. ती तशीच पडून राहिली आणि पोटभर रडली. दमलेलं माणूस बसलं की मगच त्याला कळतं किती दमलंय ते.

रामदास रोज संध्याकाळी मोबाइलची बॅटरी लावून तिचा अंगठा बघायचा. शेतातला बटाटा किती फुगलाय ते माती उकरून बघतात ना, तसा. "येत्यात, येत्यात रेषा," म्हणून खूश व्हायचा. बाजारातून येताना तिला आवडतात म्हणून भुईमुगाच्या शेंगा आणायचा. लबाडी होती का ती? काही होती. काही नव्हतीही. शेंगा मात्र खऱ्या होत्या, आणि शीला त्या मन लावून खायची.

जेवणं झाली की इंद्रायणी मलमाची डबी घेऊन बसायची. दिवसभर वाकून वाकून तिची कंबर धरलेली, तरी नणंदेचे हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळायची. चोळता चोळता डुलकी लागायची.

"राहू द्या वैनी, तुमीच दमलाय," शीला म्हणायची.

"बसायला मिळतंय ना, त्ये काय थोडं हाये?" असं म्हणून ती हसायची. एकदा तिनं मान वर न करता सांगितलं, "माजं बी झालंय हे. माज्या माहेरी, आळ्याला. लगीन झाल्यावर दुसऱ्याच वर्साला. हिरवी साडी घेतली व्हती भावानं."

"मंग?"

"मंग काय? एकदाच नेसले. अंगठा पुसला पदराला, डाग पडला. घरी येऊन पाण्यात भिजत घातली."

"पाण्यात घातली?" शीला न राहवून म्हणाली. "आवो, पाण्यात घातली की बसलीच शाई."

"बसली. साडी अजून ट्रंकेत हाये." इंद्रायणीनं डबीचं झाकण लावलं. "भाव न्हाई आला परत. आमी बी मग बोलवलं न्हाई."

एका सकाळी शीलानं अंगठा तर्जनीवर फिरवला आणि तिला बारीक खरखर लागली. रेषा आल्या होत्या. रामदासनं बॅटरी लावून बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "उद्याच जाऊ, आक्का!" इंद्रायणी चुलीजवळ होती. तिनं ऐकलं आणि चुलीतलं लाकूड आत सारलं. रामदास मंचरला गेला, इंद्रायणी रानात, पोरगी संस्कृती शाळेत. घरात शीला एकटी राहिली.

तिनं आधी नुसती घरभर नजर फिरवली. संस्कृतीचं दहावीचं वर्ष, घरभर पेनं. शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला निळा डाग, तो कुणी पाण्यात घालून वाढवून ठेवलेला. सोफ्याच्या रेक्झिनवर बॉलपेनच्या रेघोट्या. ती अभ्यासाला बसते तिथल्या फरशीवर शाई सांडून वाळलेली. इतके दिवस शीला ते सगळं बघत होती आणि तिचे हात शिवशिवत होते. आरशामागं सॅनिटायझरची बाटली होती. करोना गेला, पण बाटली टाकून कोण देतो?

ठरवून केलं का तिनं? कुणी विचारलं असतं तर तिनं नाहीच सांगितलं असतं. तिनं शर्टाच्या खिशात बोळा घातला आणि टिपायला लागली. जुना डाग हटेना, तशी लिंबू पिळलं, मीठ घातलं, पुन्हा टिपलं, शर्ट उन्हात टाकला. रेक्झिन सॅनिटायझरनं लगेच साफ झालं. फरशीला खायच्या सोड्याचा लगदा थापला आणि नारळाच्या काथ्यानं घासत बसली. काथ्या पुरेना तिथं अंगठ्यानं घासलं. लिंबू भेगांत गेलं, झोंबलं. ती थांबली नाही. उन्हं पडवीत आली तेव्हा घर लख्ख झालं होतं, आणि अंगठ्यावरचं नवं कोवळं कातडं सोलून गेलं होतं. तिनं तो तर्जनीवर फिरवून पाहिला. खरखर नव्हती.

इंद्रायणी रानातून आली. दारातच थांबली. तारेवरचा पांढरा शर्ट तिनं पाहिला, मग फरशी, मग सोफा, आणि शेवटी शीलाचे हात. शीलानं ते पदराखाली घेतले. चोरी पकडलेल्या पोरीसारखी ती खाली बघत उभी राहिली.

"वैनी, डाग बघवंनात वो," ती म्हणाली. "म्हनून..."

इंद्रायणीनं डोक्यावरचं फडकं सोडून खुंटीला लावलं आणि ती आत गेली. आतून ट्रंकेची कडी वाजली. आता ती रामदासला फोन करणार, आपली पिशवी बाहेर येणार, असंच शीलाला वाटलं. तिनं पायांनी चपला शोधायला सुरुवातही केली होती.

इंद्रायणी बाहेर आली ती हिरवी साडी घेऊन. घडीवर घडी मोडून पांढऱ्या रेघा पडलेली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. तिनं शीलाला खाली बसवलं आणि पदर उलगडून तिच्या मांडीवर ठेवला. मधोमध काळपट जांभळा डाग, पाण्यानं पसरून हातभर झालेला.

"निगंल का ह्यो?"

शीलानं पदर उजेडाकडं धरला, पालथा करून बघितला, डागावरून बोट फिरवलं. "लई जुना हाये, वैनी. आन् पाण्यात बसलाय. रोज थोडा थोडा काढावा लागंल. टिपायचा, उनात घालायचा, परत टिपायचा." ती अडखळली. "लई दिवस लागतील."

"लागू द्या," इंद्रायणी म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून रामदासचा आवाज शीलालाही ऐकू येत होता. उद्या लवकर निघायचंय, आक्काच्या हाताला मलम लावलं का, पाण्यात हात घालू देऊ नको.

"लावलंय की," इंद्रायणी म्हणाली. बोलता बोलता तिनं सॅनिटायझरची बाटली उचलली, किती उरलंय ते हलवून पाहिलं, आणि शीलापुढं सरकवली. "येताना आनखी एक बाटली घिऊन या. संपत आली."